सुऱ्या जपानी, सही माझी

परदेशातला माणूस पुण्यात येतो, आठ-दहा दिवस स्टॉल लावून माल विकतो आणि परत जातो, याला आपल्या जीएसटीत रीतसर नाव आहे, नॉन-रेसिडेंट टॅक्सेबल पर्सन, आणि त्याचा फॉर्म वेगळा, रिटर्न वेगळं, नियम वेगळे. मला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी जपानीवर पोट भरते, रानडे इन्स्टिट्यूटला शिकले, चाकणच्या कंपन्यांमध्ये दुभाषी म्हणून जाते, आणि टॅक्स म्हणजे वर्षातून एकदा मामाकडे बँकेची स्टेटमेंटं नेऊन टाकायची इतकाच माझा संबंध. पण ओळखीतून एक जपानी जोडपं गळ्यात पडलं, साकाईचं, म्हणजे ओसाकाच्या बाजूचं ते सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं शहर, घरचंच छोटं दुकान, काका धार लावतात आणि काकू हिशोब बघतात. त्यांना दिवाळीच्या आधी म्हात्रे पुलाजवळच्या एका लॉन्सवरच्या प्रदर्शनात स्टॉल लावायचा होता. स्टॉलवर दुभाषी म्हणून उभी राहशील का असं विचारलं, मी हो म्हटलं, आणि तिथून जे सुरू झालं ते लिहून ठेवतेय कारण मराठीत याबद्दल कुठे धड वाचायला मिळालं नाही.

मामा म्हणजे आईचा मावसभाऊ, नारायण पेठेत सीए आहे. त्याला फोन केला तर त्याने पहिला प्रश्न विचारला, "दाखवायचंय का विकायचंय? ते आधी विचार त्यांना." मला वाटलं काय फरक पडतो, पण सगळा फरक तिथेच आहे. नुसता दाखवायला माल आणायचा आणि तसाच परत न्यायचा असेल तर एटीए कार्नेट नावाचा कागद असतो, मालाचा पासपोर्टच म्हणा ना, जपानमध्ये तो तिथली कमर्शिअल आर्बिट्रेशन असोसिएशन देते, आपल्याकडे हे काम फिक्की या उद्योजकांच्या संघटनेकडे आहे, त्यावर माल ड्युटी न भरता येतो आणि तसाच परत जातो. पण कार्नेटवर आलेला माल विकायचा नसतो. काकांचं धार लावायचं चाक, दगड, आणि काचेत ठेवायच्या दोन-तीन जुन्या सुऱ्या हे सगळं कार्नेटवर आलं, आणि विकायचा माल वेगळ्या पेट्यांमध्ये, साध्या आयातीसारखा, ड्युटी भरून. दोन्ही पेट्या एकत्र करायच्या नाहीत, यादीत पण नाही, असं मामाने काकूंना माझ्याकडून तीनदा सांगवलं. काकूंनी पेट्यांना निळी आणि लाल पट्टी लावली. आयात-निर्यात कोड वगैरेचं काम क्लिअरिंग एजंटने बघितलं, ते त्याचं त्याला माहीत. बँक आणि फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, हा पण वेगळाच विषय आहे, त्यात मी शिरत नाही, इथे फक्त जीएसटीचं सांगते.

तर, मालाच्या धंद्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही हे आता पानवाल्यालाही ठाऊक झालंय, त्यामुळे आयोजकांच्या ऑफिसातल्या मुलाने छातीठोकपणे सांगून टाकलं, ताई काही लागत नाही हो, एवढ्याशा विक्रीला कोण विचारतंय. लागतं. जीएसटी कायद्याच्या कलम २४ मध्ये सक्तीच्या नोंदणीची जी यादी आहे तिच्यात हा परदेशी विक्रेता आहे, आणि त्याला ४० लाख नाही न् २० लाख नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी. कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची सोपी टॅक्स योजना, ती पण त्याला बंद. म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला ज्या सवलती आहेत त्यातली एकही याला नाही, कारण उघड आहे, हा माणूस प्रदर्शन संपलं की विमानात बसणार, नंतर शोधायचं कुठे?

आणि म्हणूनच टॅक्स आधी भरायचा. एक सुरी विकायच्या आत. आपल्याला किती विक्री होईल याचा स्वतःच अंदाज करायचा, त्यावर जेवढा टॅक्स होईल तेवढे पैसे आगाऊ जमा करायचे, मग नोंदणी. काकूंना हे समजावून सांगताना माझी जपानी तोकडी पडली नाही, पण काकूंचा विश्वास बसेना, त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या की विकलंच नाही तर? मी म्हटलं तर परत मिळतात. कसे मिळतात ते पुढे सांगते.

फॉर्मचं नाव आरईजी-०९. नेहमीच्या नोंदणीला पॅन लागतो तसा इथे परदेशी माणसाचा पॅन असलाच पाहिजे असं नाही, पासपोर्ट चालतो, कंपनी असेल तर तिच्या देशातला टॅक्सचा नंबर. पण फॉर्मवर सही करणारा, म्हणजे ऑथराइज्ड सिग्नेटरी, हा भारतात राहणारा आणि पॅनवाला हवा. साकाईहून आलेल्या माणसाला पुण्यात असा माणूस कोण? मीच. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं पण कुणाच्या टॅक्सला तू कशाला सही करतेस, उद्या ते गेले निघून म्हणजे?" आईचं काही चुकीचं नव्हतं. पोर्टलवरचे ओटीपी माझ्या मोबाइलवर, नोटीस आली तर माझ्या ईमेलवर, रिटर्न राहिलं तर फोन मलाच. मामाने मग त्या दोघांकडून अधिकारपत्र घेतलं, इंग्रजीत आणि खाली जपानीत, आणि शिवाय एका पानावर कोण काय करणार, पैसे कोण भरणार, रिफंड आला तर कुणाचा, हे लिहून घेतलं. ओळखीत असं लिहून मागायला मला लाज वाटत होती पण काकूंना ते फार आवडलं, त्यांनी ते पान फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं. कुणी अशी सही करणार असेल तर हे पान केल्याशिवाय करू नका, नात्यातलं असलं तरी.

कागदपत्रांमध्ये काकांचा पासपोर्ट, आयोजकांचं स्टॉल दिल्याचं पत्र, अधिकारपत्र, माझा पॅन. जपानमध्ये १ ऑक्टोबर २०२३ पासून इनव्हॉइसची नवी पद्धत आलीये, त्यात नोंदणी केलेल्या दुकानदाराला टी आणि पुढे १३ आकडे असा नंबर मिळतो, तो पण जोडला. अर्ज केल्यावर आरईजी-०३ आलं, म्हणजे अधिकाऱ्याची शंका, त्याला सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. शंका दोन. जपानी कागदाचं इंग्रजी भाषांतर द्या, आणि स्टॉलच्या पत्रावर तारखा नाहीत त्या घाला. दोन्ही अगदी रास्त. भाषांतर मी रात्रीत करून टाकलं असतं पण मामा म्हणाला अर्जावर सही तुझी आणि भाषांतरही तुझंच, बरं दिसत नाही, दुसऱ्या कुणाकडून कर. मग रानडेतल्या एका मैत्रिणीला पकडलं. आरईजी-०४ ने उत्तर दिलं आणि नंबर आला. ऑफिसात प्रत्यक्ष जावं लागलं नाही.

कायदा म्हणतो धंदा सुरू व्हायच्या किमान ५ दिवस आधी अर्ज करा. मामा म्हणतो ते पाच दिवस कायद्यातले, आपण महिना धरायचा. कारण नुसती शंका-उत्तरं नाहीत, खरं कारण कस्टम्स आहे. माल मुंबईत उतरला की त्यावर ड्युटी आणि वर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, लागतो, सुऱ्यांवर १८ टक्के, १८ जुलै २०२२ ला १२ चे १८ झाले तेव्हापासून. हा आयजीएसटी पुढे विक्रीवरच्या टॅक्समधून वजा करून मिळतो, पण त्यासाठी बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टम्सच्या आयातीच्या कागदावर, आपला जीएसटी नंबर असायला हवा. माल आधी आणि नंबर नंतर असं केलं तर तो आयजीएसटी खिशातून गेला. म्हणून क्रम असा, आधी स्टॉलचं पत्र, मग नंबर, मग जपानहून माल निघायचा. आणि मुंबईहून पुण्याला टेम्पो निघताना ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागतं (महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर), ते काढायलाही हाच नंबर.

आता तो अंदाज. यात आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवण्यासारखाच आहे. आकडे सोयीसाठी गोल करून सांगते. काका म्हणाले सगळा माल विकला जाईल, १० लाखांचा, टॅक्स सोडून. त्यावर १८ टक्के म्हणजे १,८०,००० रुपये. पण ड्युटी धरून आयातीची किंमत ६ लाख, त्यावर कस्टम्सला आयजीएसटी भरणार १,०८,०००. मग आगाऊ भरायचे किती, पूर्ण १,८०,००० का वजाबाकी करून ७२,०००? यावर २०१८ च्या ऑक्टोबरमधलं एक परिपत्रक आहे, ७१ नंबरचं, ते सांगतं की मिळणारं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेला आणि वजा होणारा टॅक्स, वजा करून जे उरेल त्यावर आगाऊ भरणा करा, पण ते आहे कॅज्युअल टॅक्सेबल पर्सनसाठी, म्हणजे आपलाच राजस्थानवाला किंवा गुजरातवाला जो तात्पुरता महाराष्ट्रात येऊन विकतो त्याच्यासाठी. परदेशी माणसाचं नाव त्यात नाही. मामाचं म्हणणं, दोघांचं आगाऊ भरण्याचं कलम एकच आहे, २७, मग तर्कही एकच. त्याने ७२,००० धरले, हिशोबाचा कागद जोडला, आणि ते मान्य झालं. स्टॉल पुण्यात आणि गिऱ्हाईकही इथलंच म्हणून त्याचे निम्मे सीजीएसटी म्हणजे केंद्राचे, निम्मे एसजीएसटी म्हणजे राज्याचे. चलन आयोजकांनी भरलं आणि स्टॉलच्या हिशोबात धरलं, चलन तिसऱ्याने भरलं तरी चालतं.

पण मामाला मुळात १० लाखच पटत नव्हते. तो म्हणत होता ७ धरा. काका ऐकेनात, त्यांचं असं की एकेक सुरी मोजून आणलीये, मग कमी कसं लिहायचं. आणि मामाचं गणित फार सरळ होतं, अंदाज कमी पडला तर रिटर्न भरताना उरलेला टॅक्स भरून मोकळं होता येतं, जास्त पडला तर पैसे सरकारकडे अडकतात. मुद्दाम हास्यास्पद कमी लिहू नये हे ठीक, पण उत्साहाच्या भरात जास्त तर अजिबात लिहू नये. पुणेकर प्रदर्शनात बघतात किती आणि घेतात किती हे मामाला पक्कं माहीत, काकांना कुठून असणार.

नोंदणीची मुदत हा अजून एक विचार करायचा भाग. जास्तीत जास्त ९० दिवस मिळतात, आणि संपायच्या आत आरईजी-११ भरून अजून ९० दिवसांपर्यंत वाढवता येतात, अर्थात पुन्हा आगाऊ पैसे भरून. आपल्याला वाटतं मिळतायत तर घ्या की पूर्ण ९०. पण जितके महिने नोंदणी चालू तितकी रिटर्नं, विक्री असो नसो. उलट प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशीच मुदत संपवली तर उरलेल्या मालाचं काय करणार? आम्ही माल यायच्या आधीपासून ते प्रदर्शन संपल्यावर थोडे दिवस अशी घेतली. त्यामुळे दोन कॅलेंडर महिने झाले, एकात नुसती आयात आणि दुसऱ्यात विक्री.

स्टॉलवरची मजा वेगळीच. नियम असा की नोंदणीचं सर्टिफिकेट दिसेल असं लावायचं आणि बोर्डावर जीएसटी नंबर हवा. काकूंनी घरून सुंदर निळा कापडी पडदा आणला होता, जपानी दुकानांच्या दारावर असतो तसला, त्यावर तो पंधरा अक्षरांचा नंबर कसा लिहायचा म्हणून त्या हिरमुसल्या. शेवटी शनिपारापाशी एक अॅक्रिलिकची पट्टी करून घेतली आणि पडद्याखाली टांगली. किमतीच्या चिठ्ठ्यांवर टॅक्ससकट किंमत, त्यात काकूंना काही नवीन वाटलं नाही, त्यांच्याकडे पण एप्रिल २०२१ पासून दुकानात टॅक्ससकटच किंमत दाखवावी लागते, फक्त टॅक्स १० टक्के. भाजी चिरायच्या सुरीची किंमत ७,०८० रुपये, म्हणजे ६,००० अधिक ५४० सीजीएसटी अधिक ५४० एसजीएसटी.

आणि पहिल्याच दिवशी एक काकू, आपल्या पुण्याच्या, सुरी हातात घेऊन टोमॅटो कापून बघून, अगदी पातळ काप करून, मला म्हणाल्या, "बिल नको गं आम्हाला, अठरा टक्के कमी कर." मी हसून म्हटलं काकू, टॅक्स आधीच भरलाय हो यांनी, तुम्ही बिल घ्या नाहीतर घेऊ नका. ते खरंच होतं, पण गंमत वेगळीच. ७,०८० चे अठरा टक्के होतात १,२७४, टॅक्स आहे १,०८०. म्हणजे सरकारचे सोडून वरचे १९४ काकांचेच जाणार. असं मागणारे दिवसाला चार-पाच तरी भेटायचे आणि सगळे अठरा टक्केच मागायचे, सव्वापंधरा कुणी म्हणेना. काकांना काय चाललंय ते कळायचं नाही, ते आपले सुरी कागदात गुंडाळून बिलासकट दोन्ही हातांनी पुढे करायचे, आणि असं कुणी दोन्ही हातांनी बिल दिलं की पुणेकरालाही ते नाकारता येत नाही, हे मी स्वतः बघितलंय. दोन रेस्टॉरंटवाल्यांनी त्यांचा जीएसटी नंबर देऊन बिल घेतलं, ती बिलं वेगळी काढून ठेवायची, रिटर्नमध्ये नंबरासकट भरावी लागतात.

शेजारी डावीकडे कच्छचा एक भाई होता, हाताने छापलेल्या कापडाचा, त्याला नोंदणीच नव्हती आणि ते कायदेशीर होतं, कारण हस्तकलेचा माल परराज्यात नेऊन विकणाऱ्या कॅज्युअलवाल्याला ठरलेल्या उलाढालीपर्यंत सूट आहे, पॅन आणि ई-वे बिल असलं की झालं. उजवीकडे जयपूरचा कुर्तेवाला, तो कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन, त्यानेही आमच्यासारखेच आगाऊ पैसे भरलेले. पण एक मोठा फरक, आणि तो काकूंना खूप लागला. स्टॉलचं भाडं समजा ६०,००० आणि वर १८ टक्के म्हणजे १०,८००. जयपूरवाला ते १०,८०० वजा करून घेणार. आम्ही नाही. परदेशी विक्रेत्याला फक्त त्याने आयात केलेल्या मालावरचं क्रेडिट मिळतं, इथे घेतलेल्या कशावरही नाही, ना स्टॉलचं, ना क्लिअरिंग एजंटच्या बिलाचं, ना पिशव्या छापल्या त्याचं. कलम १७ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. मला हा नियम आजही पटत नाही. टॅक्स आगाऊ घेतलाय, सही करणारा भारतीय घेतलाय, मग इथल्या खर्चाचं क्रेडिट का नाही? पण आहे ते आहे, किमती ठरवतानाच हे सगळे १८ टक्के खर्चात धरा.

प्रदर्शन संपल्यावर काही सुऱ्या उरल्या, बहुतेक मासे कापायच्या लांब सुऱ्या, त्या इथे कोण घेणार. परत न्यायच्या म्हणजे निर्यात, परत कागद. मामाने रविवार पेठेतल्या एका स्वयंपाकघराच्या सामानवाल्याला बोलावलं, तो नोंदणीवाला दुकानदार, त्याने घासाघीस करून सगळ्या उचलल्या, आम्ही पक्कं बिल दिलं, त्याला त्याचं क्रेडिट मिळालं, आमचा माल शून्य. हे नोंदणीची मुदत चालू असतानाच करावं लागतं, म्हणून ते वरचे थोडे दिवस.

रिटर्न म्हणजे जीएसटीआर-५. पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत, किंवा नोंदणीची मुदत संपल्यापासून ७ दिवसांत, जे आधी येईल ते. त्यामुळे शेवटच्या रिटर्नला महिना संपायची वाट बघायची नाही. आयात त्यात बिल ऑफ एंट्रीच्या नंबरासकट, विक्री त्यात, टॅक्स त्यात, सगळं एकाच फॉर्ममध्ये, आणि वार्षिक रिटर्न नाही, एवढं एक बरं केलंय. ओटीपी आला तेव्हा काका-काकू पु. ल. देशपांडे उद्यानात, त्या जपानी पद्धतीच्या बागेत, फोटो काढत होते, पुण्यात आल्यापासून त्यांना तीच एक जागा बघायची होती, आणि मी मामाच्या ऑफिसात बसून आकडे तपासत होते.

विक्री झाली एकूण ८ लाखांची. टॅक्स १,४४,०००, त्यातून आयातीचे १,०८,००० वजा, उरले ३६,०००. आगाऊ भरलेले ७२,०००. म्हणजे ३६,००० जास्त. सगळी रिटर्नं भरल्याशिवाय हे परत मागता येत नाहीत, ती भरली, मग आरएफडी-०१ चा अर्ज. आणि इथे गाडी अडली, कारण रिफंड जातो नोंदणीत दिलेल्या बँक खात्यात, आणि काकांचं भारतात खातंच नाही. नोंदणीच्या फॉर्ममध्ये खात्याचा रकाना "असेल तर भरा" असा आहे, त्यामुळे तेव्हा काही अडलं नाही. मामाची खटपट चालू आहे, तोवर पैसे पोर्टलवरच्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे जमा पैशांच्या खात्यात, दिसतायत, १८ हजार केंद्राचे आणि १८ हजार राज्याचे. मामा मला काही बोलला नाही पण काकूंना सांग म्हणाला, सात लाख.

काकूंचा परवा मेसेज आला की पुढच्या वेळी पुण्याबरोबर बेंगळुरूला पण एक प्रदर्शन आहे, तोच नंबर चालेल ना. नाही चालणार. नोंदणी राज्यागणिक असते, कर्नाटकाची वेगळी, आगाऊ पैसे वेगळे, रिटर्न वेगळं. सही करणारी मी चालेन, भारतात कुठेही राहणारा चालतो, पण मी अजून उत्तर दिलेलं नाही, आईला विचारते म्हटलंय.